हायपोची चव

फोटोग्राफी शिकत होतो त्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मला कॅमेरा आठवत नाही, मास्तरांची मोरी आठवते.

मास्तरांचा स्टुडिओ ठाण्याला तळ्याजवळ होता. डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली, पूर्वी तिथे कोळसा ठेवत. मी मुरबाडच्या शाळेतून मॅट्रिक होऊन आलो होतो आणि ठाकुर्लीला मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. सकाळी कॉलेज, दुपारी स्टुडिओ. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. परीक्षेच्या दिवसांत मास्तरांनी मला मागच्या बाकावर वाचत बसू दिलं आणि चेहऱ्यावर उजेड कसा टाकायचा ते हातचं काही न राखता शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्या खोलीची किळस आजही तशीच आहे.

मास्तर ज्या मोरीत तंबाखूच्या पिंका टाकत, त्याच मोरीवर फोटो धुवायचे. माझ्या बोटांना औषधांचा वास कायमचा लागला होता. मामी म्हणायच्या, "आधी हात घासून ये, मग पानावर बस." राखेने घासले तरी भाकरीला तो वास यायचाच. जुन्या काचेच्या निगेटिव्ह साफ करणं हेही माझंच काम. सोड्याच्या कढत पाण्यात काच टाकली की तिच्यावरचा चित्राचा थर, चेहऱ्याची साय, सुटून वर यायची. ती बोटांनी ओढून मोरीत टाकायची आणि स्वच्छ झालेली काच फ्रेमला वापरायची.

सगळ्यात ओंगळ म्हणजे चाखणं. कागदावरचं चित्र पक्कं व्हावं म्हणून तो हायपो नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवतात. मग तो हायपो धुऊन पार काढावा लागतो, नाहीतर काही महिन्यांनी फोटो पिवळा पडून विरत जातो. मास्तर म्हणत, "हायपो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. जिभेला कळतो." म्हणून धुतलेल्या प्रत्येक फोटोला कोपऱ्यात जीभ लावायची. कडवट गोडसर लागलं तर पुन्हा धुवायचा. नवरदेव, म्हातारे, मुंजीचे बटू, सगळे मी चाखले.

एकदा बाळकुमहून मिठागरात काम करणारा एक माणूस आला. त्याची आई सकाळीच वारली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. मास्तर आणि मी सायकलींवर कॅमेरा लादून गेलो. म्हातारीला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. हनुवटीचं फडकं मास्तरांनी सोडलं तसा जबडा खाली आला. मी खालून हात लावून तो मिटवला. ओठांवर माश्या बसत होत्या. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "वेळ घे. आजी हलायच्या नाहीत."

निघताना तिचा मुलगा म्हणाला, "मास्तर, आयचे डोले उघडे पायजेत."

"काढून देतो," मास्तर म्हणाले.

मी घरी जाऊन दोनदा अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी फोटो छापला, धुतला आणि कोपरा तोंडाजवळ नेला. त्या माश्या आठवल्या आणि फोटो तसाच खाली ठेवला. खरं सांगायचं तर नुसत्या माश्या नव्हत्या. मेलेलं माणूस, परकं घर, परकी जात, मला घरातून मिळालेले सगळे विटाळ त्या कोपऱ्यावर येऊन बसले होते.

मास्तरांनी बाहेरून विचारलं, "चाखलास?"

"हो."

मी चाखला नव्हता. फोटो वाळल्यावर मास्तरांनी बारीक कुंचल्याने काळ्या शाईचे डोळे काढले. मुलगा फोटो दोन्ही हातांत धरून घेऊन गेला.

पावसाळा सरला आणि तो परत आला. धोतराच्या सोग्यातून फ्रेम काढून त्याने टेबलावर ठेवली. कपाळ गेलं होतं, गाल गेले होते. पिवळ्या डागात हनुवटीची रेघ तेवढी होती, आणि त्यावर मास्तरांनी काढलेले दोन डोळे, कालच काढल्यासारखे काळेभोर.

"डोले रायले बग," तो मला म्हणाला. "नि त्येच तिचे नवते."

मास्तरांनी निगेटिव्ह शोधायला सांगितली. ती कुठे आहे हे मला ठाऊक होतं. श्रावणात मीच ती सोड्यात टाकली होती. तिच्या तोंडाची साय मीच ओढून काढली होती.

मी दोघांसमोर सांगितलं, काच साफ केली आणि त्या दिवशी फोटो चाखलाही नव्हता. मास्तर मोरीत थुंकून आले. "आहे त्याची कॉपी घे," ते म्हणाले. "मी काढलेले डोळे झाक. पिवळ्यात आपल्याला दिसत नाही तेही काचेवर उतरतं, चेहरा मिळेल तेवढा ओढून काढ."

दुपारभर तेच केलं. एक गडद, एक फिकी, अशा सहा प्रती वाया गेल्या. सातवीत कपाळाची कड, नाक आणि मिटल्यासारख्या पापण्या आल्या. फार अंधूक, पण माणूस होतं. मी ती धूत राहिलो. पाणी बदलायचं आणि पुन्हा धुवायचं. मुलगा उंबऱ्यावर बसून बघत होता.

मी डोळे मिटून कोपऱ्याला जीभ लावली. तोंडाला पाणी सुटलं, ते चवीने नव्हे. ओकारी दाबून उभा राहिलो.

"कं करतंस?" त्याने विचारलं.

मी हायपोचं सांगितलं.

"आमी पन मिठाचा पानी असाच चाखतो," तो म्हणाला. "जिबेवर ठेवला का कलतं, आता मीठ धरंल का नाय. आन इकडं."

त्याने ओला फोटो तळहातांवर घेतला. कोपरा सोडून सरळ आईच्या कपाळाला जीभ लावली.

"नुसता पानी हाय," तो म्हणाला.

मास्तरांनी फोटो दोरीवर अडकवला. मी मोरीवर जाऊन विटाळ धुवावा तशी चूळ भरली. पिंकांच्या डागांवर ते पाणी पसरत गेलं, आणि त्या वेळी मला मोरीची किळस आली नाही, चूळ भरल्याची आली.