डाव्या अंगाचे सात दगड

“परवा सकाळी पाचरी काढायच्या,” फुल्हेन्सियो मेस्त्री म्हणाला, आणि एर्मेलिंदाचा कोपरापर्यंत चुन्यात बुडालेला हात टाक्यातच थांबला.

मेस्त्री तिच्याशी बोलत नव्हता. चर्चच्या बाहेरच्या भिंतीपाशी तो आपल्या गवंड्यांना काही दाखवत उभा होता. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ लावलं होतं. भूकंपात भिंत उभी राहिली, पण ठिगळाभोवतीचा दगड पोचट बदामासारखा फुटून गेला होता.

“बघून ठेवा. कमान साच्यावरून मोकळी झाली की बसते. बोटभर खाली येते. प्रत्येक दगड शेजाऱ्याला जरासं ढकलतो आणि चुना तेवढी जागा देतो. सिमेंट देत नाही. ते अडून बसतं, माझ्या सासूसारखं.”

“सासू पलीकडे मका निवडतेय, मेस्त्री,” नाबोर म्हणाला. नाबोर त्याचा हाताखालचा गवंडी, जिभेला हाड नसलेला.

“ऐकू दे. मग सगळा भार दगडाच्या एका कडेवर येतो. कड फुटली की दगड सुटला, आणि दगड सुटला की कमान सुटली. आणि खाली कोण बसलेलं असणार?”

“तुम्ही,” सगळे हसत म्हणाले.

कारण त्या मुलखातली रीतच तशी. कमान ज्याने बांधली त्याने, लाकडी साच्याखालच्या पाचरी निघत असताना, त्याच कमानीखाली बसायचं. पाचरी काढणाऱ्यांचे हात कापू नयेत म्हणून. फुल्हेन्सियो आजवर नऊ कमानींखाली बसला होता, आणि दर वेळी अंगावर चार चिमट्या धूळ घेऊन उठला होता.

एर्मेलिंदाने हात बाहेर काढला. चुन्याचे पांढरे थेंब टाक्यात टपटपले. “मेस्त्री,” तिने विचारलं, “थोडंच असलं तर? थोडंसंच सिमेंट?”

“थोडं असलं तर जास्त वाईट, मावशी. एका अंगाला चुना आणि एका अंगाला सिमेंट, म्हणजे एक बैल चालतोय आणि दुसरा बसलाय. गाडी कुठं जाईल?”

गाडी कुठं जाईल हे ती पाहू शकत होती. गाभाऱ्यापुढची ती मोठी कमान तिच्या डोळ्यांसमोर होती. मधल्या दगडाच्या डाव्या अंगाचे, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सात दगड. त्या सात दगडांच्या सांध्यांत सिमेंट होतं. ते तिनेच घातलं होतं.

एर्मेलिंदा त्या गावात जन्मली, त्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, तिथेच लग्न लागलं आणि तिथूनच नवऱ्याची शवपेटी निघाली. एकतीस वर्षं तिने ते चर्च झाडलं. झाडताना ती गावच्या संताशी, सान बार्तोलोशी, बोलत असे. “जरा पाय वर घे रे बाबा, खाली धूळ आहे,” असं ती त्याला म्हणे, आणि पाय लाकडाचे आहेत हे तिला ठाऊक असूनही क्षणभर वाट पाही. तिचं प्रेम असं होतं. हिशेब नसलेलं, आडपडदा नसलेलं, श्वासाइतकं साधं.

मग सप्टेंबरातल्या त्या दुपारी जमीन हलली. दोन श्वासांत घुमट खाली आला, कमान खाली आली. गावातली निम्मी घरं बसली, त्यांत एर्मेलिंदाचंही बसलं. माणसं आपापल्या घरांकडे धावली आणि ती चर्चकडे धावली. दोन दिवस तिने हातांनी दगड उपसले, आणि ढिगाऱ्यातून सान बार्तोलोला बाहेर काढलं. त्याचा उजवा हात मनगटापासून तुटला होता. त्याला छातीशी धरून, धुळीने माखलेल्या तोंडाने, ती तिथेच नवस बोलली : तुझं घर उभं राहील तेव्हाच मी माझं घर बांधीन.

संताला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. ती बाजूला ताडपत्रीखाली राहिली. घर बांधायला सरकारकडून आलेल्या सिमेंटच्या गोण्या तिने उशाशी रचून ठेवल्या. आणि चर्चचं काम सुरू झालं तेव्हा तिने चुना कालवायचं काम मागून घेतलं. निवडुंगाची पानं चिरून भिजत घालायची, त्यांचा चिकट रस गाळायचा, मुरलेला चुना, वाळू आणि डोंगरातल्या तांबड्या दगडाची भुकटी त्यात कालवायची. माल जमला की नाही हे ती जिभेच्या टोकावर घेऊन सांगे. मेस्त्री तिचा शब्द प्रमाण मानी.

जूनमध्ये कमानीचे शेवटचे दगड बसू लागले आणि पाऊस धरून बसला. गावासमोरचा गोयोचा डोंगर ढगांआडून आठवडाभर दिसला नाही. एर्मेलिंदा रोज शिडी चढून सांध्यात नख रोवून पाही. नख आत जाई. हा चुना कधी धरणार? हा भार कसा पेलणार? पुन्हा जमीन हलली तर? तिच्या कानांत तो कोसळल्याचा आवाज अजून होता. तिला वाटलं, संत माझ्या लोण्यासारख्या चुन्यावर विसंबलाय, आणि माझ्या उशाशी मात्र दगड होणारी भुकटी पडलीय!

मग चार दिवस, भर दुपारी, गवंडी पलीकडे भाकऱ्या खात असताना, तिने शालीखालून बादली आणली आणि डाव्या अंगाच्या सांध्यांतला ओला चुना उकरून काढला. आपल्या घराचं सिमेंट तिने संताच्या घरात ओतलं. रंग ओळखू येऊ नये म्हणून तांबडी भुकटी वाढवली. ओतताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. आपल्यापाशी जे होतं ते आपण दिलं, एवढंच तिला त्या वेळी कळत होतं.

आता तेच पाणी तिच्या डोळ्यांत विस्तवासारखं झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिने क्रिसोफोरोला गाठलं. तो यंदाच्या उत्सवाचा यजमान होता. दोन वर्षांनी संत आपल्या घरी जाणार, तोही आपल्या यजमानपदात, म्हणून तो मातीपासून दोन बोटं वरूनच चालत होता.

“क्रिसोफोरो, पाचरी महिनाभर राहू द्या की. पाऊस आहे.”

“महिनाभर? मावशी, बैल कापायला आणलाय. बँड सांगितलाय. आतषबाजीवाला तीन दिवस माझ्याच घरी जेवतोय, आणि काय जेवतोय! संताला काय सांगू, एर्मेलिंदामावशीला पावसाची भीती वाटते म्हणून?”

“चुना ओला असेल.”

“चुना तुमचाच ना? मग ओला कसा असेल?” तो मोठ्याने हसला आणि झेंडूच्या माळा कुठवर आल्या ते पाहायला निघून गेला.

ती संतापुढे गेली. फादर उत्सवालाच येणार होते, कबुली ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. एकतीस वर्षं ती त्याच्याशी बोलली होती, त्या दिवशी तिला शब्द सापडेना. सांगितलं तर संताचं घरी जाणं मोडणार, गावाचा सण मोडणार, आणि या दारात आपण पुन्हा कधी झाडू घेऊन उभ्या राहू शकणार नाही. न सांगितलं तर बोटभर धक्का. कदाचित काही होणार नाही. कदाचित. त्या एका शब्दाला धरून ती दिवसभर लोंबकळत राहिली, आणि सकाळ झाली तरी तिने तो सोडला नव्हता.

बावीस तारखेला सगळं गाव अंगणात जमलं. आत मोजकीच माणसं घेतली. साच्याच्या खांबांखाली बारा पाचरी होत्या. दोन्ही बाजूंना सहा-सहा गडी लाकडी हातोडे घेऊन बसले. मेस्त्रीने एक बादली पालथी घातली, कमानीच्या बरोबर मध्ये ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसला.

“मावशी, धूप दाखवा कमानीला. चुना तुमचा, मान तुमचा.”

तिच्या हातात धुपाटणं होतं. कोपालच्या डिंकाचा पांढरा धूर कमानीच्या पोटाला लागून डावीकडे वळला. तिला वाटलं, धूर बोट दाखवतोय.

“पहिली, दोन्हीकडून,” मेस्त्री म्हणाला.

ठक. ठक. पाचर बोटभर सरकली. काही झालं नाही.

“दुसरी.”

ठक. ठक. वरून चिमूटभर भुकटी पडली. मेस्त्रीने ती टोपीवरून झटकली. “बसतेय. बरोबर बसतेय.”

“तिसरी.”

ठक. आणि मग एक आवाज आला. फार बारीक. दातांत खडा यावा तसा. इतरांना तो लाकडाचा वाटला असेल. मेस्त्रीने मात्र मान वर केली. त्याचा चेहरा एर्मेलिंदाने पाहिला. त्यात भीती नव्हती, नवल होतं. आपलं मूल अनोळखी भाषेत बोलल्यावर बापाला वाटावं तसं.

“चौथी,” तो म्हणाला, पण सावकाश.

एर्मेलिंदाने धुपाटणं खाली ठेवलं. ती कमानीखाली चालत गेली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

“मावशी, बाहेर व्हा,” मेस्त्री हलक्या आवाजात म्हणाला.

“ठोकू नका,” ती म्हणाली. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाली, आणि त्या वेळी अंगणापर्यंत ऐकू गेलं. “ठोकू नका! वर सिमेंट आहे. मी घातलंय. डाव्या अंगाला, दुसऱ्या दगडापासून आठव्यापर्यंत. माझ्या हातांनी घातलंय.”

हातोडे हवेत राहिले. बाहेर बँडवाल्याने शिंगाला एक फुंकर मारली आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

“पाचरी परत आत,” मेस्त्री म्हणाला. “हळू. शेवटची सैल केली ती आधी. नाबोर, टेकू दे. तुम्ही उठा.” तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. “उठा म्हणतो ना. मी उठल्याशिवाय हे ठोकणार नाहीत, आणि तुम्ही उठल्याशिवाय मी उठणार नाही.”

ती उठली. पाचरी आत गेल्या. मग मेस्त्री छिन्नी घेऊन शिडी चढला. डाव्या अंगाच्या चौथ्या दगडाचा सांधा त्याने खरवडला. तांबडी धूळ पडली, आणि तिच्या मागून करडा, गुळगुळीत, कुणालाही जागा न देणारा थर दिसला. पाचव्या दगडाच्या कडेवर केसाएवढी ताजी चीर होती. तो तिच्यावरून बोट फिरवत बराच वेळ वरच थांबला.

दुपारी अंगणातच गावसभा भरली. क्रिसोफोरो संतापाने लाल झाला होता. “साचा राहू द्या खाली. फुलांनी झाकू. संताला आत नेऊ, मिस्सा करू, आणि मग काय उतरवायचं ते उतरवा.”

“तुमची आई पुढच्या बाकावर बसते ना?” मेस्त्रीने विचारलं. “कुठं बसवणार आहात तिला?”



“हिला चुन्यापासून हाकला,” एक बाई ओरडली. “चर्चचं दारच बंद करा हिला! दोन वर्षं आम्ही उन्हातान्हात राबलो.”

“आणि मेस्त्रीचा जीव गेला असता,” आणखी कुणीतरी म्हणालं.

एर्मेलिंदा मध्ये उभी होती. “खरं आहे,” ती म्हणाली. “कालच सांगायला हवं होतं. परवाच सांगायला हवं होतं. मला माझ्या अब्रूची भीती वाटली, गावाची वाटली. मेस्त्रीच्या मरणाची भीती त्याहून मोठी व्हायला मला तीन पाचरी लागल्या.”

मेस्त्री उठला. “मी यांना माफ केलेलं नाही. ते नीट ऐका. दहा कमानी बांधल्या, पण माझ्या मालात कुणी हात घातला नव्हता. पण हे सात दगड उतरवायचेत, आणि एकेका दगडावरून सिमेंट खरवडायचंय, कड न मोडता. हे ज्या खाणीतून आले तिथं आता तसा दगड उरलेला नाही. कड मोडली तर कमान गेली. हे काम घाईचं नाही आणि मजुरीचं नाही. ज्याला तो दगड आपल्या पोटच्या पोरासारखा वाटेल, त्याचंच आहे. गावात असं दुसरं कोण आहे ते सांगा, मी त्याला देतो.”

ओरडलेली बाई खाली बसली.

“आणि तुम्ही,” तो तिच्याकडे वळला, “उरलेल्या गोण्यांनी आधी घर बांधा. तो नवस सोडा. ताडपत्रीखाली राहणाऱ्या माणसाला प्रत्येक छप्पर पडेलसं वाटतं.”

“घर नाही बांधणार,” ती म्हणाली. “नवस माझा आणि त्याचा आहे, मेस्त्री. त्यात तुमची थापी नको. दगड द्या.”

अंगणात कुणीतरी फसकन हसलं. मेस्त्री हसला नाही, पण त्याने खांदे उडवले, आणि पहिला दगड उतरवून तिला दिला.

चोवीस तारखेला उत्सव झाला. संत पत्र्याच्या शेडमधून निघाला, गावभर फिरला, आपल्या घराच्या दारापाशी थांबला, आणि आत न जाता पुन्हा शेडमध्ये परतला. बाण उडाले, बँड वाजला, बैल शिजला. एर्मेलिंदाच्या हातात कुणी ताट दिलं नाही. ती भिंतीच्या सावलीत बसली होती. पहिला दगड मांडीवर पोत्यावर ठेवलेला, हातात बोटाएवढी छिन्नी. एक टोला, एक फुंकर. एक टोला, एक फुंकर. ओठांवर संताचं नाव, प्रत्येक टोल्याला एकदा.

अकराव्या दिवशी, दगड जवळजवळ निर्मळ झाला असताना, छिन्नी निसटली. कोपऱ्याचा मक्याच्या दाण्याएवढा कपचा उडाला.

आसपास कुणी नव्हतं. गवंडी पलीकडे जेवत होते. चुन्याचं टाकं हाताच्या अंतरावर होतं, भुकटी होती, आणि दाण्याएवढं भोक बुजवायला तिला तीन श्वास पुरले असते.

ती उठली. जड दगड पोटाशी धरून, उडालेला कपचा मुठीत घेऊन, जेवणाऱ्यांच्या मधून सरळ मेस्त्रीपुढे गेली.

“मोडली,” ती म्हणाली. “आत्ता. माझ्या हातून.”

मेस्त्रीने भाकरी खाली ठेवली, हात पुसले आणि दगड मांडीवर घेतला. अंगठा त्याने चारही कडांवरून फिरवला. मोडलेल्या कोपऱ्यावर अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा आला. नाबोर चावायचा थांबला होता.

“एवढं चुना घेईल,” मेस्त्री म्हणाला. त्याने सरकून बाकावर जागा केली, आणि भाकऱ्यांची टोपली तिच्याकडे सारली. “जेवा. मग दुसरा उतरवू.”