डावा गुलाबी

म्बाले शहराच्या बाजारात नांदुदूचं वेण्या घालायचं दुकान होतं. ते रंगवायचं ठरलं तेव्हा रंगाऱ्याने भिंतीवर दोन गुलाबी पट्टे ओढून दिले. डावा किंचित उबदार होता, एवढाच काय तो फरक. नांदुदूचा जीव मात्र डाव्यावरच जडला.

"शी! दातदुखीचं औषध वाटतंय," नऊ वर्षं शेजारी बसून वेण्या घालणारी खाइंझा म्हणाली. "ताई, गिऱ्हाईक पळेल. उजवाच घे."

नांदुदूने तिचा शब्द मानला. डावा पट्टा तेवढा पुसवेना, म्हणून त्यावर आरसा टांगला.

महिन्याभरात खाइंझाने समोरच स्वतःचं दुकान थाटलं. भिंती गुलाबी. नांदुदूने आरसा उतरवून पट्ट्याकडे पाहिलं, मग दारातून समोर पाहिलं. तोच डावा!

"काय गं, दातदुखीचं औषध लावलंस?" तिने रस्त्यापलीकडे हाक दिली.

"तुला नको होता ना, ताई? मग मी घेतला!"

नऊ वर्षांत ही पहिल्यांदाच खोटं बोलली, की पहिल्यांदाच सापडली, हे नांदुदूला कळेना.

खुर्चीतल्या म्हातारीने दोन्हीकडे मान वळवून पाहिलं. "रंग तर एकच आहे की गं. भांडताय कशाला?"

नांदुदूने आरसा परत टांगला आणि म्हातारीची वेणी जरा जास्तच घट्ट ओढली.