देवाचं का घराचं

मावशी एखादी वस्तू हातात घ्यायची, दारातल्या उजेडात धरायची, उलटीपालटी करायची आणि मला विचारायची, "बाई, हे देवाचं होय का घराचं?"

मला कधीच नीट सांगता आलं नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथे मी नर्स होते आणि ती आया. सुया उकळणं, पट्ट्या धुणं, अडलेल्या बाईला धीर देणं ही तिची कामं. जातीनं ढिवर, नवरा तलावात मासे धरायचा. तो तापानं गेला होता, मूलबाळ नव्हतं. सगळा दवाखाना तिला मावशीच म्हणायचा.

एका वर्षी तिच्या पोटात गोळा झाला. दूरच्या मिशन दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिथल्या ख्रिस्ती नर्सनी महिनाभर तिचं सगळं केलं, केससुद्धा विंचरले. "माह्या मायनंबी इतकं नसन केलं," ती म्हणायची. परत आली ती प्रार्थनेला जायला लागली आणि वर्षभरात नदीवर तिचा बाप्तिस्मा झाला.

"पाण्यात तं मी जनमभर उतरून राह्यली बाई, पण त्या दिवशी भेव लागलं."

"का गं?"

"कोणीतरी पाहून राह्यलं असं वाटे."

मग चांद्याहून येणाऱ्या पाळकसाहेबांनी एका रविवारी सांगितलं, की जुन्या देवांचं जे जे घरात असेल ते बाहेर काढा, नाहीतर मन दोन घरी राहतं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मान हलवली असेल. आपणही अशा वेळी मानच हलवतो. मावशीनं मात्र दुसऱ्या दिवशी अख्खं घर गाठोड्यात बांधून दवाखान्यात आणलं.

देवीची मूर्ती, शेंदराची पुडी, काळे दोरे यांचा निकाल लवकर लागला. पण हळदीची डबी? हळद देवीला वाहायची तशी वरणातही पडायची. दुकानदारानं दिलेल्या कॅलेंडरवर लक्ष्मी होती. मावशीनं माझी कात्री घेऊन लक्ष्मी कापली, तारखा ठेवल्या. थोड्या वेळानं परत आली. "बाई, याच्यात एकादशी कुठी कुठी हाय ते दाखवा. शाई लावून मिटवतो."

नवऱ्याच्या जाळ्याला दर वर्षी शेंदूर लावून कोंबडं दाखवलेलं. ते तर ती अजून तलावावर वापरायची. चांद्याला परतण्याआधी दवाखान्यात चहाला थांबलेले पाळकसाहेब हसले. "जाळं राहू दे. प्रभूचे शिष्यसुद्धा कोळीच होते."

"पण त्याइच्या जाळ्याले शेंदूर नसन लागला," मावशी म्हणाली, आणि दवाखान्यातला सोडा मागून तिनं ते जाळं दोनदा धुतलं.

शेवटी पदराच्या गाठीतून एक चांदीचा टाक निघाला. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर उठवलेला माणूस. नवरा गेल्यावर घरच्यांनी देवांत पुजायला करवून घेतलेला, त्याचाच.

"बाई, हा देव होय का माहा नवरा होय?"

माझ्या माहेरच्या देवघरात आजोबांचा टाक होता. रोज गंध लावताना मी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"पूजा करतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाई. आता नाई. फक्त पुसतो."

"त्याच्याशी बोलतेस?"

"बोलतो तं. नवऱ्यासंग नाई बोलू तं कोणासंग बोलू?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग तो घराबाहेर काढायला पाहिजे, मावशी," ते म्हणाले. चहा अर्धा टाकून निघून गेले.

तिनं टाक मला दिला. "तुमच्या घरी ठेवा. तुमाले चालते." मी तो ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून घरी येऊ लागली. चिमूटभर मीठ न्यायची, सुई परत करायची. ट्रंकेकडे तोंड करून बसायची. एकदाच विचारलं, "आत लय गरम तं नाई होत?"

मी नाही म्हटलं.

दोन महिन्यांनी तिचा दीर मार्कंड्याकडून आला, तो सरळ माझ्या दारात. "भाऊ कुठी हाय आमचा? इनं धरम बदलला, ते इचं इनं पाहावं. त्याले काऊन बाहेर काढलं?"

मावशी माझ्या मागे उभी होती. मी तिच्याकडे वळले. तिनं पदराची रिकामी गाठ चाचपली. मग एकदम म्हणाली, "द्या बाई त्याले. तिथी त्याले कोणी बोलणारं तरी भेटन."

दिरानं टाक डोळ्यांना लावला, खिशात ठेवला आणि निघाला. तो कुंपणापर्यंत गेला असेल, तोच मावशी अनवाणी धावली. "चिंचेनं घासू नको रे भाऊजी! नाक पुसलं गेलं हाय त्याचं. निस्त्या कपड्यानं पुस." तो थांबला, मान हलवली. राग कुठे गेला त्याचं त्यालाच कळलं नसावं.

त्या रविवारी ती प्रार्थनेला गेली. सोमवारी सुया उकळता उकळता म्हणाली, "बरं केलं का वाईट केलं, काई समजून नाई राह्यलं बाई." मलाही समजत नव्हतं. अजून समजलेलं नाही.

पुढे माझी सिंदेवाहीला बदली झाली. दोन पावसाळ्यांनी कंपाउंडरचं पत्र आलं, मावशी गेली. मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. पाळकसाहेब होते, दीरही होता, दोघं तिच्या अंगणात एकाच बाजेवर बसले होते. पाळकसाहेब म्हणाले, शेवटपर्यंत रोज प्रार्थना करायची. दीर म्हणाला, रोज भावासंग बोलत बसे, शेजारच्या बाया आयकत. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं खोडावंसं वाटलं नाही.

मी आत गेले. भिंतीतला एक कोनाडा शेणामातीनं स्वच्छ सारवलेला होता. त्यात देव नव्हता, क्रूस नव्हता, दिवासुद्धा नव्हता. समोर चटई अंथरलेली होती, आणि गुडघे टेकतात तिथे तिची पाती तुटून खालची जमीन दिसत होती.