विलायती गाळणी

दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि आमची औषधांची सरकारी लॅब आठवली. मी तिथे काचसामान धुवायची. लढाई सुरू झाली, सरकारने बाहेरून माल मागवणं बंद केलं, आणि नेमकी तेव्हाच एकुलती एक विलायती काचेची गाळणी तुंबली. तापाच्या औषधाचं सगळं काम अडलं. साहेब म्हणाले, "ये तो गई, बाई. अब दूसरी नहीं आएगी." मी म्हटलं, "रुकिए ज़रा." घरी चहाची गाळणी धुते तशी ती उलटी धरली आणि नळाची धार सोडली. फुटली असती तर नोकरी गेली असती हो! पण गाळ सुटला, पाणी झरझर उतरलं. दुसऱ्या दिवशी लॅबमधले मोठमोठे शास्त्रज्ञ माझ्या नळापाशी शिकायला उभे. आता नात विचारते, "सच में, आजी?" अगं, सच म्हणजे काय! सातवी पास आजीने शास्त्रज्ञांना शिकवलंय.