सुट्या केबलचा काटा

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात, गास गावच्या रस्त्यावर, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात माझी बोबडी वळली होती. हसायचं असेल तर शेवटी हसा...

तेव्हा माझ्याकडे दोन सीटची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार होती. एका साहेबाने विलायतेला परत जाताना मिळेल त्या भावात विकलेली. पार्ट मिळेनात, पेट्रोल तर नुसतं ढोसायची... शेवटी अंतोन मिस्त्रीने आणि मी तिचं इंजिन उतरवून तिथे टॅक्सीचं इंजिन बसवलं.

जुनं इंजिन भंगारात द्यायला बाबा तयार होईनात. "जित्या इंजिनाला भंगारात कोण घालतं?" गिरीज गावातल्या आमच्या वाडीत विहिरीशेजारच्या खड्ड्यात त्यांनी ते पंपाला जोडलं आणि केळींना पाणी सुरू केलं.

गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारं एक मीटर होतं. त्याची केबल नव्या इंजिनाला बसेना, म्हणून टोकाला चिंधी बांधून सुटीच ठेवली. काटा शून्यावर पडून राहिला.

महिन्याभराने गाडी वाडीत उभी होती, चावी माझ्या खिशात... आणि तो काटा अठराशेवर थरथरत होता. पलीकडे बाबांनी पंप बंद केला, तसा हळूच खाली आला.

अंतोनला दाखवलं. त्याने चिंधी सोडून पाहिली, पुन्हा बांधली, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. "या गाडीला मी परत हात लावनार नाय," म्हणाला आणि खरंच लावला नाही.

मी मात्र सरावलो. कुठेही असलो तरी बाबांनी पंप सुरू केला की मला कळायचं, याची थोडी मजाही वाटायची.

त्या दिवशी गासला मित्राच्या दारात गाडी लावत होतो. काटा एकदम उसळला आणि शेवटच्या आकड्याला जाऊन भिडला. विहिरीचं पाणी तळाला गेलं की पंप हवा ओढतो आणि इंजिन असं बेफाम सुटतं. पण बाबा ते अर्धा मिनिटही सुटू द्यायचे नाहीत... मग आज बंद का करत नव्हते?

मित्राशी एक शब्द न बोलता गाडी वळवली. वाटेत काटा तसाच होता, आणि तो खाली येईल याचीच मला जास्त भीती वाटत होती. बाबांनी बंद केलं की इंजिनच फुटलं, हे मग कळलं नसतं.

खड्ड्यात इंजिन किंचाळत होतं. धुराने गुदमरून बाबा त्याच्या कुशीला कलंडले होते. इंधनाचा कॉक बंद केला, त्यांना बाहेर ओढलं. बऱ्याच वेळाने माडाखाली डोळे उघडून ते म्हणाले, "तू कसा आलास? मी तर हाकपण मारली नाय."

मी त्यांना गाडीजवळ नेऊन मीटर दाखवलं, सुटी केबल दाखवली. त्यानंतर दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आले की खिशातल्या रुमालाने त्या मीटरची काच पुसायचे. फक्त तेवढीच.

पुढे विजेची मोटर आली. बाबांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. इंजिन खड्ड्यातच गंजलंय.

गाडीत बसलो की अजून आधी तो काटा बघतो. शून्यावर असतो... आणि दर वेळी थोडं पोरकं वाटतं. काच आता मी पुसतो.