पेढ्यांवर जांभळा टॉर्च

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एकजण राहतो, त्याला जेवायला बोलवायची कोणाची हिंमत होत नाही. साकीनाक्याच्या एका लॅबमध्ये तो खाण्याचे पदार्थ तपासतो. पदार्थावर अतिनील उजेड टाकायचा, तो उजेड गिळून पदार्थ वेगळ्याच रंगाचा उजेड परत देतो, आणि त्यावरून आत काय आहे ते ओळखायचं. लॅबचं मशीन घरी आणता येत नाही, म्हणून हा खिशात अतिनील टॉर्च घेऊन हिंडतो.

"तत्त्वतः यार, हळद चमकतेच. पण तू खातोस ती हळदच आहे ना?" एवढं बोलून तो आपल्या ताटावर टॉर्च मारतो.

परवा तळमजल्यावरच्या मालवणी काकू, मुलीला नोकरी लागली म्हणून, घरी केलेले पेढे घेऊन सोसायटीच्या मीटिंगला आल्या. याने लगेच हॉलचे दिवे घालवायला लावले. टॉर्चखाली पेढे मंद निळसर दिसले.

"तत्त्वतः संशयास्पद," तो म्हणाला.

"मेल्या, दूध मियां सोता आटवलंय!" काकू कडाडल्या.

चांगलं दूधही असंच चमकतं, हे मला त्यानेच सांगितलं होतं. पण तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे गेलं. धुण्याच्या पावडरीमुळे तो पेढ्यांपेक्षा कितीतरी जास्त, निळाशार पेटला होता. त्याचं एकट्याचंच तिकडे लक्ष नव्हतं.

काकूंनी दिवे लागायची वाट पाहिली नाही. त्याचा टॉर्च चालू असतानाच, अंधारात त्यांनी पेढे वाटले. कोणाला वगळायचं ते लांबूनही स्वच्छ दिसत होतं.