जाते म्हणायचं नसतं

निनादचा जन्म कुवेतचा, शाळाही इथलीच. मी त्याला मराठीत विचारायचं आणि त्याने मला इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आम्हा मावशी-भाच्यांचा जुना करार. त्या दिवशी मी शर्क भागातल्या आमच्या बँकेत माझ्या टेबलाशी होते. त्याचा फोन आला आणि जन्मात पहिल्यांदा तो माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलला. "मावशी, आई गेली." मी त्याच्यावर खेकसलेच. "गेली म्हणू नकोस." मावशीला धक्का बसलाय असं पोराला वाटलं असणार. धक्का बसला होताच, पण राग आला होता तो त्या शब्दाचा. जी बाई दारातून बाहेर पडताना कधीही 'जाते' म्हणाली नाही, तिच्याविषयी तोच शब्द वापरायचा? आता काही आठवडे उलटलेत. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी तेच लिहिलं, फुलं चिकटवली, हात जोडले. लिहोत बापडे. मी लिहिणार नाही.

निनादची आई, शैलाताई, चिपळूणची, मी लातूरची. रक्ताचं नातं काही नाही. लग्न होऊन मी या वाळवंटात आले, तेव्हा समोरच्या फ्लॅटचं दार उघडून तिने विचारलं, कढीपत्ता आहे का गो, आणि त्या दिवसापासून ती माझी ताई झाली, तिचा नवरा माझे दाजी. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. तिच्या लॅबमधलं एक मशीन जपानी होतं. ते बिघडलं की एक जपानी इंजिनिअर यायचा आणि काम करता करता फोनवर आपल्या माणसांशी बोलायचा. ते बोलणं ऐकून ही वेडी झाली. घरी येऊन म्हणाली, मला असं बोलायचंय. झालं, फ्रीजवर जपानी अक्षरं चिकटली, कणीक मळताना कानात धडे सुरू झाले. दाजी शुवैखच्या एका कंपनीत अकाउंटंट, प्रत्येक गोष्ट तागडीत घालून बघायची त्यांना सवय. त्यांनी विचारलं, याचा उपयोग काय? मग तोच प्रश्न बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारला, मंडळातल्या शहाण्यांनी विचारला. ताई शांतपणे म्हणाली, "उपयोग नाही म्हणून तर शिकतेय. उपयोगाचं सगळं करून झालंय माझं."

आणि निवृत्तीला टेकलेली ही बाई साठवलेली सगळी रजा टाकून जपानला भाषा शिकायला निघाली. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी वर्ग, राहायला एका जपानी आजींच्या घरी. दाजींनी काय काय अडचणी काढल्या! शुगर, गुडघे, इकाम्याचं म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, निनादचं जेवण. निनाद तेव्हा नोकरीला लागलेला घोडा होता, त्याचं कसलं जेवण. ताईने सगळं ऐकून घेतलं, बॅग भरली आणि दारात म्हणाली, "येते हं." दाजींनी मोबाइलमधून मान वर न करता "हं" केलं.

तिथे काय घडलं, ते तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः जाऊन आल्यासारखी सांगू शकते. वर्ग संपला तेव्हा निरोपाचा छोटा समारंभ होता. प्रत्येकाने पुढे येऊन जपानीत दोन वाक्यं बोलायची आणि रीतसर निरोप घ्यायचा. सगळी विशीतली पोरं, त्यांनी पाठ केलेलं म्हटलं. ताईची पाळी आली. तिने आभार मानले, वाकली आणि म्हणाली, "इत्ते किमास." पोरं हसली. कारण हे शब्द घरातून कामावर निघताना म्हणतात, संध्याकाळी परत येणाऱ्याने म्हणायचे असतात. शब्दशः अर्थ, जाऊन येते. सर भले होते, त्यांनी हळूच चूक दुरुस्त केली, कायमचं निघताना म्हणायचा शब्द सुचवला. ताईने मान हलवली. मोडक्यातोडक्या जपानीत तिने सांगितलं की आमच्याकडे जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं असतं, आणि एवढे दिवस शिकून तुमच्या भाषेत मला माझ्या घरचा एकच शब्द सापडलाय, तो मी बदलणार नाही. तेवढ्यात मागे बसलेल्या, तिला घरी ठेवून घेतलेल्या आजी उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "इत्तेराश्शाई." म्हणजे, जाऊन ये. घरी राहणाऱ्याने द्यायचं उत्तर.

परत आल्यावर तिने नवीन खूळ काढलं. रोज ड्युटीला निघताना चपला घालून दारात उभी राहायची आणि "इत्ते किमास" म्हणायची. उत्तर दाजींनी द्यायचं. दाजी म्हणायचे, "हं." ती क्षणभर थांबायची, मग त्यांचंही उत्तर स्वतःच देऊन लिफ्टकडे वळायची. मी एकदा चिडून म्हटलं, ताई, कशाला डोकं फोडतेस त्या भिंतीवर? ती म्हणाली, "परक्या मुलखातली म्हातारी म्हणाली गो. माझ्या घरातून एकदा तरी ऐकायचंय मला." एवढंच मागणं होतं तिचं. मग आजारपण आलं, पुढच्या वर्षी पुन्हा जपानला जायचा बेत लांबला. शेवटी शेवटी तिच्याच हॉस्पिटलमध्ये, तिच्याच लॅबमधल्या मुली तिचं रक्त काढायला यायच्या आणि ती त्यांना जपानीत आकडे शिकवायची. मी भेटून निघताना येते म्हटलं की ती उशीवरून बजावायची, इत्तेराश्शाई.

मंडळाने शोकसभा घेतली. सूत्रसंचालक म्हणाले, आपण ताईंना अखेरचा निरोप देऊ या. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं, द्यायचा असेल त्याने द्यावा, मी देणार नाही, तिने घेतलेला नाही. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. बघू देत. अहो, जिने जपानी सरांचं ऐकलं नाही, ती तुमच्या सूत्रसंचालकाचं ऐकेल? दाजी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. त्यांचाही मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या शुक्रवारी आमटीचा डबा द्यायला समोर गेले. फ्रीजवरची अक्षरं होती तशीच होती. दाजी मोबाइल बाजूला ठेवून नुसतेच बसले होते. डबा ओट्यावर ठेवून मी थोडी टेकले. मी उठले, चपला घातल्या आणि सवयीने म्हटलं, "येते, दाजी." मागून काहीतरी पुटपुटल्याचा आवाज आला. मी वळले. दाजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"इतेरासाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बरोबर आलं का?"

होय म्हणून सुटका करता आली असती, पण ताईने ती केली नसती.

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा म्हणा."